‘इथे कुणी नापास होत नाही’: कम्युनिटी कॉलेजच्या प्लेसमेंट टेस्टला बसण्याआधी

प्लेसमेंट टेस्टचं, म्हणजे कॉलेजात कोणत्या वर्गापासून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या परीक्षेचं, शेवटचं उत्तर निवडून बटण दाबलं आणि दोन मिनिटांत टेबलामागच्या बाईंनी प्रिंटरमधून निघालेला कागद माझ्या हातात ठेवला. वाचनाचे गुण बरे होते, लेखनाचे काठावर, आणि गणिताचे इतके खाली की कॉलेजच्या तक्त्याप्रमाणे मला अंकगणितापासून सुरुवात करायची होती. त्यानंतर प्राथमिक बीजगणित, आणि मग कुठे नर्सिंगसाठी लागणारं गणित, म्हणजे स्टॅटिस्टिक्स. म्हणजे पहिलं अख्खं वर्ष अशा वर्गांमध्ये, ज्यांची फी भरायची, गृहपाठ करायचा, परीक्षा द्यायच्या, पण एकही क्रेडिट पदवीत धरलं जाणार नाही.

मी कऱ्हाडची. शाळा मराठी माध्यमाची, दहावीला गणितात १५० पैकी १३१, पुढे बी.कॉम. लग्नानंतर न्यू जर्सीला आले, मुलगी मोठी झाली आणि २०१९ च्या वसंतात ठरवलं की आता नर्सिंग शिकायचं. इथल्या कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी स्थानिक कॉलेजातून, नर्सिंगची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेतली की रजिस्टर्ड नर्सच्या परवाना परीक्षेला बसता येतं, आणि एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो) शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. हे सगळं मी नीट शोधून काढलं होतं. प्लेसमेंट टेस्टबद्दल मात्र फोनवर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘अभ्यासाची काही गरज नाही, इथे कुणी नापास होत नाही.’ मी विश्वास ठेवला आणि तशीच गेले.

ते वाक्य खोटं नाही. या परीक्षेत पास-नापास खरंच नसतं. तुम्ही कोणत्या वर्गात बसायचं एवढंच ती ठरवते. पण ‘नापास होत नाही’ याचा अर्थ ‘काही बिघडत नाही’ असा आपण लावतो, आणि तिथेच फसतो. खालचा वर्ग मिळाला तर एक-दोन सेमिस्टर आणि तेवढी फी जाते, नर्सिंगच्या प्रवेशासाठी आधी पूर्ण करायचे विषय पुढे ढकलले जातात. चाळिशीच्या आसपास पुन्हा कॉलेजला जाणाऱ्या बाईला एक वर्ष म्हणजे काय, हे फोनवरच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही.

न्यू जर्सीतली बहुतेक काउंटी कॉलेजं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, त्यांची ही कम्युनिटी कॉलेजं) ॲक्युप्लेसर नावाची परीक्षा घेतात. एसएटी ही कॉलेज-प्रवेशाची परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचीच ती आहे. वाचन, लेखन आणि गणिताच्या तीन पायऱ्या: अंकगणित, मग बीजगणित व संख्याशास्त्र, मग उच्च बीजगणित. गणिताच्या प्रत्येक पायरीला आणि वाचनाला २० प्रश्न, लेखनाला २५. गुण २०० ते ३०० या पट्टीवर मिळतात आणि कितीला कोणता वर्ग हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. म्हणून मैत्रिणीला तिच्या काउंटीत किती गुणांवर काय मिळालं, याचा तुम्हाला उपयोग नाही. तुमच्या कॉलेजचा तक्ता मागून घ्या. आणखी एक सांगते. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत या परीक्षेची जुनी आवृत्तीही चालायची, तिचे गुण १२० पैकी असत. आणि ‘कॉम्पास’ नावाची दुसरी परीक्षा २०१६ मध्येच बंद झाली. तिची जाड पुस्तकं अजून ओळखीपाळखीत हातोहात फिरतात. कुणी प्रेमाने दिलं तर घ्या, पण त्यावर अभ्यास उभा करू नका.

माझं नेमकं कुठे चुकलं हे मी नंतर आठवडाभर वहीत लिहून काढलं. गणित विसरले होते हे खरं, पण त्याहून जास्त नडल्या आपल्या परीक्षेच्या सवयी.

बोर्डाच्या परीक्षेत आपल्याला काय शिकवतात? आधी सोपं सोडवा, अडलं तर पुढे जा, वेळ उरला की मागे या. इथे मागे येताच येत नाही. एक प्रश्न, त्याचं उत्तर, मग पुढचा, आणि झालेला प्रश्न कायमचा गेला. शिवाय परीक्षा तुमच्या उत्तरांकडे बघत चालते. उत्तर बरोबर आलं तर पुढचा प्रश्न अवघड, चुकलं तर सोपा. मी पहिले चार-पाच प्रश्न सवयीने भराभरा उडवले, त्यात दोन चुकले आणि मग सोपे प्रश्न येऊ लागले. मला वाटलं, वा, छान चाललंय! उलट होतं ते.

दुसरी सवय घड्याळाची. ॲक्युप्लेसरच्या या भागांना वेळेचं बंधन नाही. केंद्र बंद होण्याची वेळ तेवढी सांभाळायची. मी मात्र तीन तासांचा पेपर असल्यासारखी धावत होते आणि पन्नास मिनिटांत गणित संपवून बाहेर पडले. दुसऱ्या वेळी (हो, मी पुन्हा बसले, ते पुढे सांगते) त्याच भागाला पावणेदोन तास लावले. प्रत्येक प्रश्न कच्च्या कागदावर मांडला, उत्तर उलटं तपासलं, मगच बटण दाबलं. कागद-पेन्सिल तिथेच देतात. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. ज्या प्रश्नाला लागतो त्या प्रश्नापुरता तो पडद्यावरच उघडतो, बाकी सगळं हाताने. त्यामुळे तयारीच्या दिवसांत फोनमधला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

आता गणिताच्या भाषेबद्दल, आणि मराठी माध्यमवाल्यांनी इथे जरा थांबावं. आपल्याला गणित येतं, पण ते लसावि-मसावि, पदावली, पूर्णांकयुक्त अपूर्णांक, समलंब चौकोन या नावांनी येतं. मराठी नाव ते इंग्रजी नाव ही एक पायरी झाली. पण इंग्रजी नावंसुद्धा आपल्याकडची वेगळी आणि इथली वेगळी. आपला एचसीएफ, म्हणजे मसावि, इथे जीसीएफ होतो. ट्रॅपेझियमला ट्रॅपेझॉइड म्हणतात. मी कंसाला ‘ब्रॅकेट’ म्हटलं तेव्हा सातवीतली लेक म्हणाली, ‘आई, ब्रॅकेट म्हणजे चौकोनी कंस. तू म्हणतेस ते पॅरेन्थेसिस.’

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो ‘इन्टू’ने. आपण ‘फाइव्ह इन्टू थ्री’ म्हटलं की गुणाकार, पंधरा. इथे ‘थ्री इन्टू फिफ्टीन’ म्हणजे पंधरात तीन किती वेळा जातो, अर्थात भागाकार. कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी ‘सिक्स इन्टू फोर्टी-टू?’ विचारलं आणि मी वहीवर ४२ गुणिले ६ मांडायला लागले. त्या थांबल्या, माझ्या वहीत बघितलं आणि म्हणाल्या, तुझं गणित बरोबर आहे, माझा प्रश्नच वेगळा होता. त्या दिवसापासून मी मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इथला. महिनाभरात एकशेदहा शब्द झाले. तयारीचं एकच काम करायचं ठरवलंत, तर हेच करा असं मी सांगेन.

‘कंचेभागुबेव’ आठवतं ना? कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इथे मुलं ‘पेमडास’ म्हणतात आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. दोन्हीकडे गुणाकार-भागाकार एकाच दर्जाचे मानून डावीकडून उजवीकडे जायचं, बेरीज-वजाबाकीचंही तसंच. अक्षरांच्या क्रमाला चिकटलं की गणित चुकतं. १० – ४ + ३ मध्ये ‘बेरीज आधी’ म्हणून ४ आणि ३ मिळवले तर ३ येतात, खरं उत्तर ९. पहिल्या वेळी मी हीच चूक केली होती, पक्की खात्री आहे.

मापांचाही सराव हवा. फुटात १२ इंच, पाउंडात १६ औंस, गॅलनमध्ये ४ क्वार्ट. इथल्या मुलांना हे अंगवळणी असतं, आपल्याला बसून पाठ करावं लागतं.

आणि तरी, आपल्याकडचं जे आहे ते टाकून देऊ नका. सराव करताना असा एक प्रश्न होता: १२ बिस्किटांना २ पूर्णांक ३/४ कप पीठ लागतं, तर ३० बिस्किटांना किती? मी इंग्रजीत अडखळत अपूर्णांक मांडत होते. मग मनाशी मराठीत म्हटलं: बाराचे तीस म्हणजे अडीचपट. पावणेतीनची अडीचपट. पावणेतीन दुणे साडेपाच, आणि पावणेतीनचं निम्मं म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश. झाले सहा पूर्णांक सात अष्टमांश. आमची आजी पावकी, निमकी, अडीचकी घडाघडा म्हणायची, आम्ही त्या शिकलोच नाही. पण पाव, सव्वा, दीड, पावणे हे शब्द तोंडात असणं हीसुद्धा मोठी शिदोरी आहे. प्रश्न इंग्रजीत वाचा, विचार मराठीत करा, उत्तर इंग्रजीत द्या. त्यात कमीपणा काही नाही.

तयारीला पैसे घालायची गरज पडली नाही. कॉलेज बोर्डाचे मोफत सराव-संच आहेत, तिथूनच सुरुवात करा, कारण प्रश्नांचा तोंडवळा तोच असतो. जिथे अडेल तिथे खान अकॅडमीचे व्हिडिओ. आणि राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची ‘प्रीअल्जेब्रा’, ‘एलिमेंटरी अल्जेब्रा’ ही पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मी सात आठवडे, रोज पहाटे पाच ते साडेसहा बसले. पहिले तीन आठवडे फक्त अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी आणि गुणोत्तर. हे कच्चं असताना बीजगणिताकडे पळू नका.

इंग्रजीचं थोडक्यात. लेखनाच्या भागात परिच्छेद देतात आणि वाक्य कसं सुधारायचं ते विचारतात. तिथे कानाला ‘बरोबर वाटतं’ म्हणून उत्तर देऊ नका, कारण आपला कान आपल्याकडच्या इंग्रजीवर तयार झालाय. ‘डिस्कस अबाउट’ आपल्याला खटकत नाही, इथे ती चूक आहे. काही कॉलेजं निबंधही लिहायला लावतात, ३०० ते ६०० शब्दांचा. आपण शाळेत सुविचाराने सुरुवात करून दोन्ही बाजू मांडत शेवटी मताकडे यायला शिकलो. इथे पहिल्याच परिच्छेदात आपलं मत ठामपणे सांगायचं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याला आधार द्यायला वापरायचा. मी असे बारा निबंध लिहिले, लेकीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने त्यातले चार तपासून दिले. आणि कॉलेज तुम्हाला परदेशी शिकलेल्यांसाठीची वेगळी इंग्रजी चाचणी देऊ लागलं, तर ‘हो’ म्हणण्याआधी त्यातून कोणते वर्ग मिळतात ते विचारा. ज्यांना भाषेचा पाया खरंच हवा आहे त्यांना ते वर्ग फार उपयोगी पडतात. ज्यांना नको, त्यांचं मात्र वर्ष लांबतं.

परीक्षेला बसण्याआधीच विचारायचा एक प्रश्न मला कुणी सांगितला नव्हता: मला ही परीक्षा द्यावी लागणारच आहे का? भारतातल्या पदवीचं मूल्यांकन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून, उदाहरणार्थ वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसकडून करून घेतलं, तर अनेक कॉलेजं इंग्रजी किंवा गणितातून सूट देतात. मूल्यांकन विषयवार हवं, नुसतं ‘पदवी समकक्ष’ एवढं पुरत नाही. विद्यापीठातून गुणपत्रकं मागवायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. राज्याराज्यांत नियमही वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्यानंतर कॉलेजं मुख्यतः हायस्कूलमधल्या कामगिरीवर वर्ग ठरवू लागली. टेक्सासची स्वतःची परीक्षा आहे, तिची सध्याची आवृत्ती २०२१ पासून चालते आणि गुण ९१० ते ९९० या पट्टीवर देतात. दुसऱ्या राज्यातल्या नणंदेचा सल्ला प्रेमाचा असतो, पण नियम तुमच्या कॉलेजचेच विचारा.

मिळालेला वर्ग पटला नाही, तर गप्प बसू नका. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१२ मध्येच दाखवून दिलं होतं की नुसत्या अशा परीक्षेवर विसंबलं तर कितीतरी विद्यार्थी चुकीच्या वर्गात पडतात, आणि बहुतेकदा गरजेपेक्षा खालच्या. म्हणजे निकालाचा कागद हा तुमच्या बुद्धीचा दाखला नव्हे. मी सल्लागाराकडे गेले, बी.कॉम.ची गुणपत्रकं पुढे ठेवली आणि पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी मागितली. मिळाली. किती दिवसांनी, किती वेळा आणि फी किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. एवढं लक्षात ठेवा की खालच्या वर्गात नाव घालण्याआधी हे विचारायचं.

दुसऱ्या वेळी पोटभर न्याहारी करून गेले, स्वेटर घेऊन गेले (केंद्रातलं एसी भलतंच गार असतं), फोटो असलेलं ओळखपत्र आणि विद्यार्थी क्रमांक बरोबर ठेवला. घरी सांगून ठेवलं होतं की दुपारी दोनपर्यंत मला फोन करू नका. तिसऱ्याच प्रश्नात अपूर्णांकांचा भागाकार आला. पेन्सिल खाली ठेवली, श्वास घेतला, प्रश्न दोनदा वाचला. पुढे प्रश्न अवघड होत गेले, आणि या वेळी त्याचा अर्थ मला माहीत होता.

कागद हातात आला तेव्हा गणिताचा आकडा स्टॅटिस्टिक्सच्या रेषेच्या चार गुण वर होता. अंकगणित नको, प्राथमिक बीजगणितही नको. त्याच दुपारी नोंदणीच्या खिडकीवर जाऊन नाव घातलं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहाचा वर्ग, खोली दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या तासाला माझ्या शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने वाकून विचारलं, तुम्हाला फ्रॅक्शन्स येतात का. मी वही त्याच्याकडे सरकवली.