घरच्या हवामान केंद्राचा वायुदाब ऑनलाइन खूप कमी दिसतोय? माझा अनुभव

तापमान, आर्द्रता, पाऊस सगळं नीट अपलोड होत होतं. वायुदाब मात्र 948 हेक्टोपास्कल, आणि आसपासच्या केंद्रांवर 1012! कन्सोल रीसेट केला, फर्मवेअर अपडेट केलं, फरक शून्य. अगदी वैताग आला.

सेन्सर ठणठणीत असतो. तो जागेवरचा दाब मोजतो. ऑनलाइन नकाशावर मात्र समुद्रसपाटीच्या पातळीला आणलेला दाब लागतो. दर 8-9 मीटर उंचीमागे साधारण 1 हेक्टोपास्कल घटतो.

आधी हवा शांत असताना जवळच्या विमानतळाचा ताजा मेटार (विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल) उघडा. त्यात ‘क्यू’पुढचे चार आकडे म्हणजे हेक्टोपास्कल. (‘ए’ असेल तर पाऱ्याचे इंच: 2992 म्हणजे 29.92.) मग कन्सोलच्या कॅलिब्रेशनमध्ये ‘रिलेटिव्ह’ (समुद्रसपाटीचा) दाब तेवढा करा, ‘ॲब्सोल्यूट’ला (जागेवरच्या दाबाला) अजिबात हात लावू नका. सेव्ह करा. पुढच्याच अपलोडला आकडा जुळला.