सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका: सिस्टिमडीतल्या या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत हजेरी आणि बिलिंगचे लिनक्स सर्व्हर वर्षानुवर्षं सुरू असतात. कोणी पाहिलंच तर स्टेटसमधला हिरवा ठिपका पाहतो. सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, चालू आहे एवढंच त्यावरून कळतं. ती कोणत्या यूजरने चालते, तिला काय काय उघडं आहे, हे कळत नाही.

या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टिमडी. तो पीआयडी १, म्हणजे बूट होताना सुरू होणारी पहिली प्रोसेस, तीही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी यूजरच्या, अधिकाराने. लॉग, लॉगिन, डीएनएस हेही याच प्रकल्पात आल्यामुळे त्याच्या गुंतागुंतीवर होणारी टीका मला रास्त वाटते. पण आपल्याकडे घात होतो तो बहुतेकदा यूनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये.

तिथे ‘यूजर’ची ओळच नसेल तर सिस्टिम सर्व्हिस रूट म्हणून चालते. सिस्टिमच्या फाइल सर्व्हिसला बदलू न देणाऱ्या ‘प्रोटेक्टसिस्टिम’ या सेटिंगच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं, तर सिस्टिमडी लॉगमध्ये इशारा लिहितो, ती ओळ सोडून देतो आणि सर्व्हिस सुरू करतो. संरक्षण शून्य, ठिपका हिरवाच! २०१७ मध्ये हेच यूजरच्या नावाबाबत उघड झालं: आकड्याने सुरू होणारं नाव अवैध ठरवून ती ओळ वगळली जायची आणि सर्व्हिस रूटने चालायची. ते पुढे सुधारलं, स्पेलिंगचा सापळा मात्र आजही आहे. म्हणून फाइल लिहून झाली की ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ व्हेरिफाय’ ही अशा चुका दाखवणारी कमांड चालवाच. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ सिक्युरिटी’ शून्य ते दहा गुण देतं. दहाच्या जवळ म्हणजे सर्व्हिस जास्त उघडी. हे गुण फक्त सेटिंगचे असतात, आतल्या कोडचे नाहीत.

दुसरी चूक म्हणजे कामाच्या सर्व्हरवर टेस्टिंग आवृत्ती टाकणं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने पकडलं, तेही एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना. काही लिनक्स वितरणांनी (डिस्ट्रोंनी) एसएसएचला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेडची आत आली होती. ते बॅकडोअर टेस्टिंग आवृत्त्यांपर्यंतच पोचल्यामुळे डेबियन या वितरणाची स्थिर आवृत्ती, म्हणजे डेबियन स्टेबल, त्यातून वाचली.

‘यूस्र’ (usr) फोल्डरमधली मूळ यूनिट फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जातो. बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ कमांड वापरा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू प्रोसेसला नवे निर्बंध त्याशिवाय लागू होत नाहीत.