एसीचं आउटडोअर चढवायच्या आधी

होळी झाली की लातूर-परभणी-नांदेडकडं एसीच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. पारा ४२ च्या पुढं गेला की फिटिंगवाली पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत घरं घेत फिरतात आणि भर दुपारी ज्याच्या दारात पोचतात त्याचं काम उरकण्याकडं कल असतो. त्यांना तरी काय दोष द्यायचा, उन्हानं तापलेल्या गच्चीवर हात टेकवत नाही. म्हणून जमलं तर एसी फेब्रुवारीतच घ्या. नाही जमलं तर निदान सकाळी सातची वेळ मागून घ्या आणि माणसं यायच्या आधी घरमालकानं बघायच्या गोष्टी बघून ठेवा. तुम्ही जागा ठरवली नाही तर येणारा माणूस ठरवतो आणि त्याचा हिशोब कॉपरचा पाइप किती फूट लागेल एवढाच असतो.

जागेबाबत माझा एक हेका आहे. जिथं माणसाला दोन्ही पाय टेकवून उभं राहता येत नाही, तिथं आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेर बसणारं युनिट, लावायचं नाही. बसवताना एकदा कसरत जमून जाते. पण तेच युनिट दरवर्षी धुवायला, कधी गॅस बघायला, कधी आतली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) बदलायला कुणीतरी परत तिथं जाणार असतं आणि ते कोण असेल हे आज तुम्हाला माहीत नसतं. आधी गच्ची बघा, मग गॅलरी, मग अंगण. यातलं काहीच नसेल तर खिडकीच्या बाजूची भिंत, तीसुद्धा खिडकीतून हात पोचेल अशी. एसीबरोबर साधारण तीन मीटर पाइप येतो, त्यावर लागेल त्याचे पैसे वेगळे पडतात. ते पैसे द्या. फक्त मॅन्युअलमध्ये पाइपची कमाल लांबी दिलेली असते, ती आणि किती मीटरनंतर गॅस वाढवायचा तो आकडा आधीच वाचून ठेवा.

सज्जाचं मात्र नावच काढू नका. खिडकीवरचा सज्जा ऊनपाऊस अडवायला टाकलेला असतो. तीस-चाळीस किलोचं युनिट आणि त्याला मिठी मारून बसलेला माणूस हे वजन त्यात धरलेलं नसतं. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबला लोखंड वरच्या अंगाला लागतं, कारण ताण वर येतो. काँक्रीट टाकताना गवंड्याचा पाय पडून ते लोखंड खाली दबलं, तर सज्जा दिसायला धडधाकट आणि आतून पोकळ आधार. ते बाहेरून कळायला काही मार्ग नाही. खालून पोपडे सुटलेले किंवा गंजाचे तांबूस ओघळ दिसले तर त्यावर मांजरसुद्धा बसू देऊ नये.

आता भिंत. आपल्याकडं एकाच गल्लीत चार तऱ्हेच्या भिंती असतात. आरसीसीचं नवं घर, जुनं विटांचं, पत्र्याचं, आणि त्यांच्यामध्ये एखादं माळवदाचं, दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींचं. जाड भिंत दिसली की माणूस निश्चिंत होतो, खरी गडबड तिथंच आहे. दगड दर्शनी असतो, आत पांढरी माती भरलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडच्या अशाच भिंती माणसांच्या अंगावर आल्या. स्टँड भिंतीला धरून ठेवणारा बोल्ट, म्हणजे अँकर फास्टनर, भोकात फुगून भोवतालच्या भिंतीला दाबून धरतो, तेव्हा कुठं त्याला पकड येते. मातीत फुगला तर तो माती बाजूला सारतो, बस्स. आणि एसी चालू असताना दिवसरात्र थरथरणारं यंत्र ते भोक रोज थोडं थोडं मोठं करत राहतं.

म्हणून ड्रिल चालू झालं की बाजूला जाऊन मोबाइल बघत बसू नका, पडणारा भुगा बघा. राखाडी भुगा आणि ड्रिलला जोर लागतोय, म्हणजे काँक्रीट. लाल भुगा म्हणजे वीट. पण ड्रिल मधेच भस्सकन आत गेलं तर तिथं सांधा किंवा पोकळी आहे, भोक हलवा. पांढरट माती धारेसारखी गळायला लागली तर काम तिथंच थांबवा. अशा घराला अंगणात ओटा बांधून त्यावर लोखंडी स्टँड हा एकच मार्ग मला पटतो. ओटा निदान फूटभर उंच घ्या, म्हणजे पावसाळ्यात अंगणातलं पाणी युनिटला लागत नाही. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत नुसता फास्टनर चालत नाही. बोल्ट आरपार घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी लागते. पत्र्यावर युनिट ठेवायचं नाही, पत्र्याखालच्या अँगललाही लटकवायचं नाही. स्टँड जाड अँगलचा, गंज न लागणारा आणि युनिटच्या दुप्पट वजन पेलेल असा मागा; त्याच्या आणि युनिटच्या पायांमध्ये रबरी बूट येतात, ते बहुतेकदा खोक्यातच राहून जातात.

तोंड कुठं करायचं? एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच त्यापेक्षा सात-आठ अंश जास्त. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन खात बसलेलं युनिट आणखी गरम हवा ओढतं, कॉम्प्रेसरवर भार येतो, बिल वाढतं. उत्तर किंवा पूर्व बाजू मिळाली तर सोडू नका. सावलीसाठी वर पत्रा टाकायचा तर उंच टाका. युनिटला पेटीत कोंडणाऱ्यांची मला गंमत वाटते, कारण तिथल्या तिथं तीच गरम हवा फिरत राहते. मागं निदान अर्धा फूट, पुढं दोन-तीन फूट मोकळं ठेवा. नेमके आकडे मॅन्युअलमध्ये असतात. ती झळ शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही हेही बघून घ्या. जवळ जिनिंग असेल तर हंगामात कापसाची लव जाळीवर चिकटून थर बसतो. साखर कारखान्याच्या वाऱ्याला घर असेल तर काजळी. अशा ठिकाणी युनिट पुन्हापुन्हा धुवावं लागणार, म्हणजे परत तोच मुद्दा, उभं राहायला जागा.

विजेचं काम एसीवाल्याच्या आधी वायरमनकडून उरकून घ्या. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. घरात गिझर, मोटर, इस्त्री आधीच आहे आणि त्यात दीड टनाचा एसी, म्हणजे साधारण दीड किलोवॅटची भर. बेरीज वर जात असेल तर भार वाढवायचा अर्ज आधी करा. एसीला वायर बोर्डापासून स्वतंत्र हवी, मधे कुठं जोड नको. दीड टनाला सहसा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) घालतात; कंपनीनं वेगळं सांगितलं असेल तर कंपनीचं ऐका. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) हवाच. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. लोखंडी स्टँड, ओली भिंत आणि त्याला हात लावणारी लेकरं असा सगळा प्रसंग पावसाळ्यात घरोघरी असतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते त्याच दिवशी बघा.

अर्थिंगकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळली की भागायचं. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले, तार मात्र तशीच गुंडाळलेली आहे. काळी माती ओली असते तोवर अर्थिंग छान लागतं. एप्रिलमध्ये जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि नेमकं एसी चालवायच्या दिवसांत अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्डा खोल हवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं. पाण्याची ओढ असते हे मान्य, भांडी धुतलेलं ओता, पण ओता. तपासणी अर्थ टेस्टरनं करून घ्या, पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून ‘पेटला की मामा, अर्थिंग फर्स्टक्लास’ म्हणणाऱ्या वायरमनला हात जोडा. अर्थिंग कच्चं असेल तर त्या घटकेला घरातल्या फ्रिजपासून स्टँडपर्यंत सगळ्या लोखंडात करंट उतरू शकतो.

खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज बसतं. मल्टिमीटर लावून रात्री आठच्या सुमाराचा आकडा बघा आणि तो एसीच्या मर्यादेत बसत नसेल तर स्टॅबिलायझर घ्या. विजा कडाडायला लागल्या की एसी मेनमधून बंद.

कामाच्या दिवशी तुम्ही स्वतः घरी थांबा. भिंतीवर लोंबून काम असेल तर पट्टा कमरेचा नको, मांड्या-खांद्यांवरून येणारा पूर्ण हार्नेस हवा. त्यावर आयएस ३५२१ असा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो. दोर कुठं बांधलाय ते जाऊन बघा. खिडकीची जाळी, गच्चीचा कठडा, टाकीचा पाइप यातलं काहीही चालत नाही; दोर कॉलमला बांधायचा. ‘काका, रोजचंच काम आहे आमचं’ असं उत्तर येईल. तुम्ही म्हणा, ‘असू दे रे बाबा, माझ्या घरी बांधूनच कर.’ उगाच वाद घालू नका, दोर बांधेपर्यंत युनिट वर जाऊ देऊ नका. ते चढवायला दोघं हवेत आणि खालची जागा मोकळी, लेकरंबाळं घरात.

घराजवळून खांबाच्या तारा गेल्या असतील तर ॲल्युमिनियमची शिडी आणि उभे धरलेले कॉपरचे पाइप यांना आवारातच येऊ देऊ नका. शिडी लाकडी किंवा फायबरची आणा. ११ केव्हीची तार अंगाला लागायचीही वाट बघत नाही. तार फारच जवळ असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या किंवा जागा बदला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अवकाळी ढग भरून येतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा आणि गडगडलं की गच्चीवरचं काम थांबवा. माणसांना वर जायच्या आधी पाणी द्या, मधून मधून परत विचारा.

भिंतीचं आरपार भोक पाडताना बीम-कॉलमवर मशीन लावू देऊ नका, आणि आतून गेलेली वायर कुठं आहे ते आधी दाखवा. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. काम झाल्यावर ते पुटीनं बंद करा. तिथून पाल, उंदीर, मुंग्या शिरतात आणि पीसीबीवर पाल चिकटली की हजारोंचा खर्च. पाइपावर मजबूत केसिंग घाला. वानरांचं टोळकं गच्चीवर येत असेल तर काळा फोम एका दुपारीत सोलून निघतो.

गॅसच्या जोडणीला घाई अजिबात नको. हल्लीच्या एसीत बहुतेक आर ३२ असतो, काहींत आर २९०. पहिला सौम्य ज्वलनशील, दुसरा म्हणजे सरळ प्रोपेन. काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट, देवघरातला दिवा, शेगडी काही नको. जुन्या आर २२ च्या एसीचा पाइप वाचवायचा मोह टाळा. आर ३२ चा दाब त्याच्यापेक्षा बराच जास्त असतो. व्हॅक्यूम पंप आणला आहे का हे फोनवरच विचारा. थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलायची जुनी पद्धत आता नको. पंप निदान पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे आणि बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहिला पाहिजे. प्रेशर टेस्ट करायची तर नायट्रोजननं. ऑक्सिजनचा सिलेंडर लावताना कुणी दिसला तर त्याला घराबाहेर काढा, तेलाशी ऑक्सिजन भिडला की स्फोट होतो. गॅस सोडल्यावर फ्लेअर नटांवर (पाइपाचं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, युनिटला आवळणारे नट) साबणाचा फेस लावून दोन मिनिटं टक लावून बघा. मोहरीएवढा बुडबुडा एकाच जागी फुगत राहिला तर नट पूर्ण सोडून फ्लेअर परत काढायला लावा, नुसता आवळायला नको.

जुना एसी काढायचा असेल तर एवढं एकच लक्षात ठेवा: गळती असलेल्या यंत्रात कॉम्प्रेसर चालवून गॅस आउटडोअरमध्ये खेचून साठवायचा नाही. पाइपातून हवा आत गेली आणि कॉम्प्रेसरमधल्या तेलाबरोबर दाबली गेली तर कॉम्प्रेसर फुटतो. गॅस बाहेर ओढून सिलेंडरात भरणारं रिकव्हरी मशीन घेऊन येणाऱ्यालाच बोलवा.

निचऱ्याची नळी बहुधा लोकांच्या डोक्यात शेवटी येते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की थेंब थेंब पाणी पडतं, जुलैत मात्र बादलीभर. नळी शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा वायरच्या बोर्डावर सोडू नका. कुंड्यांत सोडली तर चांगलंच.

माणसं जायच्या आधी एसी अर्धा तास चालवून बघा, स्टँडला हात लावून थरथर किती आहे ते बघा आणि प्रत्येक नट, अर्थिंगची जोडणी, एमसीबी यांचे फोटो काढून ठेवा. वॉरंटी कार्डावर बसवल्याची तारीख आणि शिक्का घ्या. महिनाभर चालल्यावर थरथरीनं बोल्ट ढिले होतात, तेव्हा मेन बंद करून एकदा पाना फिरवून घ्या; पावसाळ्याआधी पुन्हा.