सिनेमातली बंदूक ओळखायची कशी? या कामात येणाऱ्यांसाठी

मी नाशिकला राहून सिनेमा-मालिकांच्या कला विभागासाठी हत्यारांचा अभ्यास करून देतो. प्रसंग कोणत्या सालचा, कोणाच्या हातात काय हवं आणि ते मिळालं नाही तर जवळचं काय चालेल, एवढं सांगायचं असतं. नवीन मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं म्हणणं, नावं पाठ करू नका. आधी भाग बघायला शिका.

गोळीबाराचं दृश्य थांबवून फार काही मिळत नाही. धूर असतो, कॅमेरा हलत असतो. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलतानाचं दृश्य शोधा. तेव्हा हत्यार आडवं धरलेलं असतं. मॅगझिन कुठे बसतं, सरळ आहे की बाकदार, बोल्ट (गोळी नळीत सरकवणारा भाग) कोणत्या बाजूला, सगळं दिसतं.

हिंदी सिनेमातल्या पोलिसाकडे डाव्या बाजूला मॅगझिन असलेली कार्बाइन (आखूड बंदूक) दिसली की सगळे ‘स्टेनगन’ म्हणून मोकळे होतात. नीट बघा. मॅगझिन बाकदार आणि नळीभोवती भोकं असलेलं आवरण असेल तर ती स्टर्लिंग, आपल्याकडे कानपूरला बनलेली. स्टेनचं मॅगझिन सरळ असतं. ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपरांचे ब्लास्टरही स्टर्लिंगवरच बेतलेले आहेत, म्हणजे वेष पालटलेलं हत्यार ओळखण्याचा सरावही तिथे होतो.

एके घराण्यातल्या रायफलींवर, म्हणजे एके-४७ आणि तिच्या भावंडांवर, जास्त वेळ घालवा. मॅगझिनच्या वर बाजूच्या पत्र्यावर छोटा खळगा आणि वरच्या झाकणावर उभ्या कडा असतील तर ती १९५९ ची एकेएम. त्या जागी लांबट खाच आणि झाकण सपाट असेल तर जुनी एके-४७. पुढच्या साइटभोवती (नेम धरायच्या खुणेभोवती) पूर्ण बंद कडं दिसलं, तर चिनी टाइप ५६ चा विचार करा.

स्वातंत्र्यलढ्यावरचे सिनेमे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. १९४२ च्या प्रसंगात शिपायाच्या थ्री-नॉट-थ्री रायफलचं मॅगझिन चौकोनी पेटीसारखं दिसलं, तर ती बहुधा इशापूरची २ए१ रायफल असते. तिची काडतुसं ७.६२ ची आणि जन्म १९६० च्या दशकातला. लांबून दोघी सारख्याच दिसतात.

आपल्या नाशिकचंच घ्या. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तूल ब्राउनिंगचं. पण भाड्याने हत्यारं देणाऱ्याकडे नुसतं ‘ब्राउनिंग’ मागितलं तर ब्राउनिंगचंच हाय-पॉवर मॉडेल येऊ शकतं, आणि ते १९३५ चं! त्या काळची ब्राउनिंग म्हणजे बेल्जियमच्या एफएन कारखान्यातली छोटी, चपटी पिस्तुलं. कान्हेरेंच्या हातात चुकीचं पिस्तूल देणं मला सहन होत नाही, म्हणून मागणीपत्रात नावाबरोबर साल आणि फोटो जोडतोच.

बदली हत्यारांचीही माहिती ठेवा. जुन्या परदेशी सिनेमांत कोल्ट १९११ या अमेरिकी पिस्तुलाच्या जागी स्पेनचं ‘स्टार मॉडेल बी’ दिसतं, कारण ९ मिमीची खोटी काडतुसं अधिक भरवशाने चालत. दिसायला जवळपास जुळं, पण स्टारच्या मुठीमागे १९११ सारखी, मूठ धरली की दबणारी सेफ्टी (चाप अडवणारी कळ) नसते.

खात्री नसेल तेव्हा अहवालात ‘एके घराण्यातली’ एवढंच लिहा आणि ज्या फ्रेमवरून ठरवलं तिची वेळ नोंदवा. पुढचा माणूस तीच फ्रेम उघडून तपासून बघतो.