विहिरीच्या थरांचा सचित्र तक्ता कसा काढावा

विल्यम स्मिथ या इंग्रज मोजणीदाराने १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला आणि १८१६ पासून जीवाश्मांची चित्रे थरांनुसार छापली. त्या चित्रांसाठी कागदही त्या त्या थराच्या रंगाशी जुळणारा घेतला होता. खानदेशात खडकाचा उभा छेद सहज दिसतो तो विहिरीत, म्हणून ही रीत तेथेच वापरून पाहावी.

खोदकाम चालू असलेली, बांधणी न झालेली विहीर निवडावी आणि आत न उतरता काठावरून वजन बांधलेली टेप सोडावी. खोदणारे खोली परसात, म्हणजे हात वर करून उभ्या माणसाच्या उंचीच्या मापात सांगतात, पण परस माणसागणिक बदलतो. तक्त्यात फुटांचीच नोंद करावी. काळी माती, मुरूम, मांजऱ्या (पांढऱ्या ठिपक्यांचा, तुलनेने मऊ खडक), काळा पाषाण ही त्यांची नावे मात्र जशीच्या तशी लिहावीत, कारण थरांतला फरक त्यांच्या हातांना आधी कळतो. रंग वाळलेल्या, नुकत्या फोडलेल्या तुकड्यावरून ठरवावा. स्मिथ नकाशात प्रत्येक थराची तळाकडची कड गडद रंगवीत असे. तसे केल्याने कोणता थर कोणावर आहे ते लगेच दिसते.

खरी अडचण पुढे येते. सारखे दिसणारे थर स्मिथने जीवाश्मांवरून वेगळे ओळखले, परंतु आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा असून त्यात शिंपले सापडत नाहीत. येथे ओळख पटवावी ती लाव्ह्याच्या प्रवाहाच्या माथ्यावरील, पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांवरून आणि दोन प्रवाहांच्या मध्ये अनेकदा आढळणाऱ्या तांबड्या थरावरून. हा थर वीतभर असला तरी वगळू नये. जीवाश्मांचा रकाना पाषाणासमोर रिकामाच ठेवावा. शोभेसाठी परदेशी तक्त्यातला शंख तेथे काढणे मला सर्वथा चुकीचे वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले, पण ते वरच्या, कितीतरी अलीकडच्या गाळातले आहेत. आपल्या विहिरीच्या गाळात हाड वा शिंपला मिळालाच, तर तो नेमक्या खोलीसमोर काढावा.

धुळे-नंदुरबारकडे पाषाणाची उभी भिंत, म्हणजे डाईक, थरांना छेदून गेलेली असते. ती आडव्या थरासारखी न दाखवता वेगळ्या रंगाने उभीच काढावी.

तळाशी जाड रेघ ओढून तक्ता बंद करू नये. खोदकाम थांबले ती खोली लिहून तेथे तुटक रेघ ठेवावी.