पूर ओसरल्यावर: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

कृष्णाकाठच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. 2019 ला आणि 2021 ला पूर ओसरला, की केंद्रासमोर रांग लागायची आणि त्या रांगेत एकच वाक्य सारखं कानावर यायचं: "ताई, मदतीच्या यादीत आमचं नाव नाही." नाव का नाही, हे शोधत गेलं की बहुतेक वेळा कारण पंचनाम्यात सापडतं. नोंदच झालेली नसते, नाहीतर अर्धवट झालेली असते. पुढचा सगळा कागदी व्यवहार त्या एका कागदावर चालतो, म्हणून तो कसा होतो ते नीट समजून घ्या.

घरात शिरल्यावर लाइटचं बटण दाबू नका. मीटर किंवा बोर्ड पाण्यात गेला असेल तर महावितरणच्या 1912 वर कळवा, वायरमनने बघितल्यावरच मेन स्विच चालू करा. मग चिखल उपसण्याआधी फोटो काढा. चिखल वाळला की निघत नाही आणि घरात वासही मारतो, त्यामुळे पंचनाम्याची वाट बघत घर तसंच ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण फोटोला फार वेळ लागत नाही. भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली भिंत, भिजलेलं धान्य, कपाट, फ्रिज, गोठा, सगळं घ्या. एक फोटो असा हवा की घर कुणाचं ते कळेल: दारावरचा घर नंबर किंवा तुम्ही स्वतः दारात उभे. मोबाईलवर जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप असेल तर फोटोवर तारीख आणि ठिकाण आपोआप उमटतं. पंचनाम्याला येणारे कर्मचारीही तेच वापरतात.

गावात पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक येतात. आता त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झालीत. पिकासाठी सोबत कृषी सहायक असतात, त्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात. जनावर दगावलं असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यामुळे पुरण्याआधी त्यांना कळवा आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर दिसेल असा फोटो ठेवा. शहरात हेच काम नगरपरिषदेची किंवा महापालिकेची माणसं महसूल खात्याबरोबर करतात. त्या दिवशी घरातलं जाणतं माणूस घरी थांबलंच पाहिजे. कामावर खाडा झाला तरी चालेल. शेजाऱ्याने सांगितलेल्या माहितीवर झालेला पंचनामा नंतर दुरुस्त करायला फार जड जातो.

आता काय लिहून घ्यायचं ते. पाणी घरात किती दिवस होतं, हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. इथले सगळे आकडे केंद्र सरकारच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांतले आहेत. त्यांप्रमाणे घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं, तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांडी व घरसामानासाठी 2,500 रुपये प्रत्येक कुटुंबाला मिळतात. "पाणी आलं होतं" एवढंच लिहिलं तर ही मदत अडकू शकते. कुठल्या तारखेला शिरलं, कुठल्या तारखेला उतरलं, ते लिहायला सांगा. घर पूर्ण पडलं असेल तर सपाट भागात 1,20,000 रुपये. थोडी पडझड असेल तर ती किमान 15 टक्के असावी लागते, आणि पक्क्या घराला 6,500, कच्च्या घराला 4,000 मिळतात. पूर्ण पडलेल्या आणि थोड्या पडलेल्या घराच्या रकमेतला फरक बघा. मातीची भिंत पाणी उतरल्यावर पाच-सहा दिवसांनी बसते, पंचनामा मात्र आधी झालेला असतो. तसं झालं तर त्याच दिवशी नवे फोटो काढून फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. गोठ्याचे 3,000 वेगळे आहेत, ते घरात धरले जाणार नाहीत याची खात्री करा. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500, शेळी-मेंढीला 4,000, ओढकामाच्या बैलाला 32,000. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच मदत मिळते, जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकार काही वेळा यावर वाढीव रक्कम जाहीर करतं. त्याचा शासन निर्णय वेगळा निघतो आणि तो त्या पुरापुरताच असतो, म्हणून मागच्या पुरात अमक्याला किती मिळाले यावर हिशेब मांडू नका.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. एका घरात दोन भाऊ राहतात, चुली वेगळ्या, रेशनकार्डं वेगळी, पण घर नंबर एकच. पंचनामा थोरल्याच्या नावावर होतो आणि धाकट्याच्या कुटुंबाला काहीच मिळत नाही. विधवा सून, एकटी राहणारी म्हातारी, भाड्याने राहणारं कुटुंब, हेच लोक सुटतात, कारण घराच्या उताऱ्यावर त्यांचं नाव नसतं. पडझडीची मदत घरमालकाची असली तरी कपडे आणि भांडी ज्याची भिजली त्याची नोंद व्हायला हवी. वेगळं रेशनकार्ड दाखवा आणि वेगळा पंचनामा मागा. सहीचा कागद समोर आला की पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, आणि सही झाल्यावर त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

पिण्याच्या पाण्याचं बघणं ग्रामपंचायतीचं काम आहे. विहिरीत आणि टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकेपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं. चिखलात काम करताना पायाला जखम असेल किंवा नंतर ताप आला तर आरोग्य केंद्रात "पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो.

मदत मंजूर झाली की यादी येते. ती ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लागते आणि नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. तो क्रमांक, आधार आणि मोबाईल घेऊन केंद्रात या. ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, अंगठा द्यायचा असतो. शेतात राबलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा उठत नाहीत, म्हणून आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला असला तर ओटीपीने काम होतं. खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि चालू आहे का, हे बँकेत आधीच विचारून ठेवा. कित्येकांचं खातं वर्षानुवर्षं वापर नसल्यामुळे बंद पडलेलं असतं आणि पैसे परत जातात. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव वेगळं असेल, तर दुरुस्ती यादी लागायच्या आधीच करा. कर्ज थकलेलं असलं तरी घाबरू नका, मदतीच्या रकमेतून बँकांनी वसुली करू नये असं शासन निर्णयात लिहिलेलं असतं. वसुली झाली तर त्या निर्णयाची प्रत जोडून बँकेला लेखी कळवा.

यादीत नाव नसेल तर तोंडी विचारत फिरू नका. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज लिहा: नाव, गाव, घर नंबर, पाणी कधी आलं, कधी गेलं, नुकसान काय, सोबत फोटो. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिला की नाही दिला, हे पुढे सिद्ध करता येत नाही. तालुक्यात दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे त्याच पोचेची प्रत लावून अर्ज करता येतो. आणि माझं नाव का वगळलं हे कळतच नसेल, तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून आपल्या पंचनाम्याची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि प्रत हातात आली की नेमकी कुठली ओळ चुकली आहे ते दाखवून दुरुस्ती मागता येते.