टेबल नंबर २७ सोडताना : एमपीएससीतून प्रायव्हेटला येणाऱ्या बीएस्सी ॲग्रीवाल्यांसाठी

कम्फर्ट झोन म्हटलं की लोकांना एसी, सोफा, आईच्या हातचं जेवण असलं काहीतरी आठवतं. माझा कम्फर्ट झोन म्हणजे पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतला २७ नंबरचा टेबल. वर फडफडणारी ट्यूब, दोन्ही बाजूला प्लायवूड, आणि त्या प्लायवूडवर माझ्या आधीच्या कोणीतरी पेनाने कोरून ठेवलेलं 'यंदा नक्की'. २०१७ ला परभणीकडून बीएस्सी ॲग्री करून आले आणि मधला लॉकडाऊन धरून पाच वर्षं तिथेच होते. आता तुम्ही म्हणाल यात कम्फर्ट कसला, मेसची पातळ भाजी, कॉट बेसिसची रूम, घरून पैसे मागताना वाटणारी लाज. पण हेच तर मला फार उशिरा कळलं, की माणूस सवयीच्या दुःखात पण आरामात बसू शकतो. सकाळी सातला टेबल, नऊला चहा, दुपारी मेस, रात्री टेलिग्रामवर आन्सर कीच्या हरकतींवर भांडण. सगळं माहितीचं. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे तिथे मी 'भावी अधिकारी' होते, तिथून बाहेर पडले की कोण, तर पाच वर्षं वाया घालवलेली एक मुलगी.

ज्यांना हा काळ आठवतोय त्यांना सांगायला नको. ५ एप्रिल २०२० ची पूर्व लॉकडाऊनमध्ये गेली, मग तारखांवर तारखा, शेवटी १४ मार्च २०२१ ठरली आणि तीन दिवस आधी तीही पुढे ढकलली, त्या दिवशी नवी पेठेत पोरं रस्त्यावर बसली त्यात मी पण होते आणि खरं सांगते, घोषणा देताना आतून मला हलकं वाटत होतं. परीक्षा पुढे गेली म्हणून! रिकाम्या हाताने परत यायचा दिवस पुढे गेला म्हणून. रात्री रूमवर जाऊन ते आठवलं तेव्हा स्वतःचीच भीती वाटली. नंतर २१ तारखेला पेपर झाला, माझं राहिलं, पुढच्या वेळी पण राहिलं, आणि २०२२ मध्ये मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची, होणार असं जाहीर झालं (ते नंतर आंदोलन होऊन २०२५ वर गेलं तो वेगळा विषय). सगळे चिडलेले आणि मला वाटलं, हे बरंय, आता अजून तीन वर्षं बसायला कारण मिळालं. हा विचार आला आणि मी त्याच महिन्यात टेबल सोडला. हिंमत बिंमत काही नव्हती, घाबरले होते म्हणून सोडला.

टाळण्याचं एक गणित असतं ते नीट समजून घ्या, कारण पुढे ते उपयोगी पडतं. मामेबहिणीच्या लग्नाला गेले नाही, का तर लोक विचारतील 'पोस्ट निघाली का'. नाही गेले, त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. पण पुढच्या कार्यक्रमाला जायची भीती दुप्पट झाली, कारण आता आधीच्या वेळी का आली नाहीस हे पण विचारणार. मग बारसं टाळलं, मग दिवाळी टाळली, मग आईचा फोन आला की सायलेंट करून उलटा ठेवायला लागले. आई बिचारी एवढंच विचारायची, "कधी यायलीस गं?" आणि मी आठ दिवसांनी तिला मेसेज टाकायचे, टेस्ट सिरीज चालू आहे. दर वेळी सुटका स्वस्तात मिळायची पण भीती मोठी होत जायची. झोप कमी, केस गळणं, कोणाचं सिलेक्शन झालं की अभिनंदन टाकून बाथरूममध्ये जाऊन रडणं, हे सगळं त्याच खात्यावर जमा होत होतं आणि मी समजत होते की अभ्यासाचा ताण आहे.

तर ऑगस्ट २०२२ ला शेतीच्या औषध-खतांच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसर म्हणून लागले, नाशिक जिल्हा, निफाड-पिंपळगाव-दिंडोरी पट्टा. पगार अठरा हजार, टीए-डीए वेगळा, गाडी स्वतःची. माझं गाव कापूस-सोयाबीनचं, द्राक्ष मी प्लेटमध्येच जास्त बघितलेली. आणि इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. बाहेर पडल्यावर लगेच बरं वाटत नाही. उलट पहिले तीन आठवडे अभ्यासिकेपेक्षा वाईट गेले. कृषी सेवा केंद्रासमोर स्कूटी लावायची आणि हेल्मेट न काढता पंधरा-वीस मिनिटं तशीच बसायचे, छातीत धडधड, मग दुकानात गर्दी आहे असं स्वतःला सांगून पुढे निघून जायचे. दुकानात दोन माणसं असायची. संध्याकाळी रिपोर्टमध्ये 'भेट दिली' लिहायचं. एकदा आत गेले तर दुकानदार काका म्हणाले, "मॅडम, प्रॉडक्ट राहू द्या, उधारी किती दिवसांची ते बोला." मला चंपारण सत्याग्रहाची तारीख विचारली असती तर झोपेत सांगितली असती, याचं उत्तर नव्हतं.

माझी एक कॉलेजची मैत्रीण मानसशास्त्राकडे वळलेली, तिने मला फोनवर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा किस्सा सांगितला. हा तोच माणूस ज्याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला, पण किस्सा त्याच्या एकोणिसाव्या वर्षीचा आहे. पोरींशी बोलायला घाबरायचा. मग ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच. तो सांगायचा की १३० जणी भेटल्या, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलला आणि एकच भेटायला यायला तयार झाली, ती पण आली नाही. मी म्हटलं मग उपयोग काय झाला. ती म्हणाली, अगं भीती गेली ना त्याची, कोणी पोलीस बोलावले नाहीत, काही आकाश कोसळलं नाही. (आजच्या काळात असं अनोळखी बायकांच्या शेजारी जाऊन बसू नका कृपया, मुद्दा वेगळा आहे.)

मी ते माझ्या पद्धतीने केलं. दिवसाला दहा दुकानं, ऑर्डर मोजायचीच नाही, फक्त आत जाऊन नाव सांगून दोन वाक्यं बोलले की वहीत एक रेघ. नकार मिळाला तरी रेघ. साहेबांना अर्थात ऑर्डरचाच आकडा लागायचा, पण वही माझी होती. साधारण चाळीसाव्या-पन्नासाव्या रेघेपर्यंत हात थरथरायचे, मग कधी थांबले ते कळलंच नाही. दुकानात शिरताना मी मनात जे वाक्य म्हणायचे ते पण त्या मैत्रिणीने बदलायला लावलं. आधी असायचं 'यांनी मला हाकललं तर मी संपले'. त्याऐवजी 'हाकललं तर वाईट वाटेल, पण चहा पिऊन पुढच्या दुकानात जाता येईल'. वाचायला फालतू वाटतं. मला पण वाटलेलं. पण 'सगळं छान होईल' असलं काही म्हणण्यापेक्षा हे बरं, कारण हे खोटं नाही.

खरा धडा मात्र मिळाला तो द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर. परतीचा पाऊस, बागेत पानं ओली, आणि एका बागायतदारांनी बोलावलं. पानावर पिवळट डाग. मी पोपटासारखी सुरू झाले, भुरी आहे, हे मारा ते मारा. ते आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, पान उलटं करून बघा ना." उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे भुरीपेक्षा वेगळा बुरशीचा रोग. आता गंमत अशी की डाऊनीच्या बुरशीचं नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हे मला पाठ, भुरीची पांढरी पावडर पानाच्या वर दिसते आणि डाऊनीची वाढ खालच्या बाजूला, हे पण पाठ, कितीतरी वेळा टिक केलेला ऑप्शन. पण पाच वर्षांत पान हातात घेतलं नव्हतं. कान गरम झाले, वाटलं आत्ताच्या आत्ता पुण्याची गाडी पकडावी. पाच वर्षं चुकीच्या उत्तराला निगेटिव्ह मार्किंग असं डोक्यात बसलेलं, म्हणजे चूक झाली की काहीतरी कायमचं कापलं जातं. तोंडातून कसंबसं निघालं, "आजोबा, माझं चुकलं, मला बागेचा अनुभव नाही, दाखवता का?" आणि ते दोन तास दाखवत बसले, वर जेवायला घातलं. पुढे तिथल्या शेजारच्या चार बागा माझ्या झाल्या त्या त्यांच्यामुळेच.

त्यानंतर 'माहीत नाही, विचारून सांगते' हे मी इतकं बोलायला लागले की एका डीलरने ते माझं टोपणनाव करून टाकलं. चालतंय. पण विचारून सांगायचं मात्र नक्की, त्याच दिवशी संध्याकाळी फोन करून. नाहीतर ते पण टाळणंच.

आता दुसरी बाजू, कारण मोटिव्हेशनवाले ही सांगत नाहीत. अस्वस्थ वाटतंय म्हणजे आपण वाढतोय, असं प्रत्येक वेळी नसतं. पहिल्या कंपनीत एक वरिष्ठ रात्री दहा-साडेदहाला ग्रुपवर टार्गेट न झालेल्यांची नावं टाकून नको ते बोलायचे. मी कितीतरी महिने स्वतःला सांगत राहिले की हा पण कम्फर्ट झोनबाहेरचाच भाग आहे, सहन कर. फरक कसा ओळखायचा, तर दुकानात शिरायची भीती दहाव्या वेळी कमी झाली होती, पन्नासाव्या वेळी गेली होती. ही भीती पन्नासाव्या वेळी जास्त होती. फोन वाजला की मळमळायचं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केलेला, काळा-पांढरा रस्ता ओळखायला शिकवताना चुकलं की विजेचा झटका. ओळख सोपी होती तेव्हा जोराचा झटका चालून गेला, पण अवघड केली तेव्हा मध्यम झटक्यावर उंदीर लवकर शिकले आणि जोराच्या झटक्यावर शिकणं मंदावलं. मी नवीन माणूस, काम अवघड, आणि वर रोज रात्री झटका. चौदा महिन्यांनी सोडली ती कंपनी, आणि ते सोडणं पळून जाणं नव्हतं असं मला आजही वाटतं, दुसरी नोकरी हातात घेऊन सोडलेली.

तुम्ही आत्ता अभ्यासिकेत बसून हे वाचत असाल तर उद्याच बॅग भरा असं मी म्हणणार नाही. ज्यांचे एक-दोनच अटेम्प्ट झालेत आणि मार्क वर चाललेत त्यांनी बसावंच की. पण तारीख ठरवा आणि ती एका माणसाला सांगा, रूम पार्टनरला नको, ती पण त्याच होडीत. घरी सांगा. मी सांगितलं तेव्हा पप्पा दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले गाडीला हप्ता किती बसतो. झालं. पाच वर्षं ज्या संवादाला घाबरले तो दोन मिनिटांत संपला. नोट्स लगेच रद्दीत देऊ नका, वर्षभर ठेवा, मन शांत राहतं. रावेमध्ये, म्हणजे डिग्रीतल्या गावात राहून करायच्या कामात, ज्या गावात राहिला होतात तिथल्या शेतकऱ्यांचे नंबर शोधा, एखाद्या दुकानात महिनाभर फुकट बसा, हंगामात कोणीही बसू देतं. पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवायची घाई करू नका, पेट्रोल आणि टायर आधी. आणि जुन्या ग्रुपमधून बाहेर पडा किंवा निदान म्यूट करा, रिझल्टच्या दिवशी तरी. मी केलं नव्हतं, पहिल्या वर्षी दोनदा बागेच्या बांधावर बसून रडले.

झोप आठवडाभर नीट लागत नसेल, किंवा नसतोच तर बरं असले विचार येत असतील, तर मग वही आणि रेघा पुरत नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एका समुपदेशक ताईंकडे सहा वेळा गेले, २०२३ मध्ये. पहिल्या वेळी त्यांच्या दवाखान्यासमोर पण हेल्मेट घालून बसलेच होते.

आता दुसऱ्या कंपनीत आहे आणि त्यांनी सांगली दिलीय, तासगाव पट्टा. बेदाण्याच्या बागा, इकडची छाटणीची वेळ वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा, एकही ओळखीचा माणूस नाही. पोटात परत तोच गोळा आलाय. सोमवारचा टूर प्लॅन अजून कोरा आहे, आज रात्री बसून दहा दुकानांची नावं काढायचीत.